डावी बाही

१

पाचवी घंटा वाजली आणि पाच-सात मिनिटांत कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयात तार घालायच्या खोलीच्या, आत धावपळ सुरू झाली.

मी दाराबाहेर चाकांच्या खाटेवर पडलो होतो. अंगात पाठीमागे नाड्या बांधायचा तो हिरवा झगा, ज्यात बड्या बड्या माणसांचं पाणी उतरतं. माझा नंबर दुसरा होता. पहिल्या नंबरचा माणूस आत मरत होता, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. छत्तीस वर्षं गुन्ह्यांच्या तपासात काढल्यावर बंद दारामागचे आवाज कळायला लागतात. आधी सगळे एकदम ओरडतात, मग एकच माणूस आकडे मोजत राहतो, आणि मग कुणीच काही बोलत नाही.

आत होते ते टेलर मास्तर. आदल्या संध्याकाळी वॉर्डात शेजारच्या खाटेवर होते. आल्या आल्या मला नजरेनेच मापून म्हणाले होते, "साहेब, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. तुमचे शर्ट कोण शिवतं? त्याला काही सांगा." घरी जाताना घालायला त्यांनी स्वतः शिवलेला नवा शर्ट बरोबर आणला होता. मापात इंचाचा फरक नाही, असं अभिमानाने दाखवत होते.

आमचा दोघांचा आजार एकच. हृदयाची एक नळी पूर्ण बंद, आणि तीही आजकालची नव्हे, वर्षानुवर्षं. अशी नळी बंद पडली की शरीर गुपचूप दुसऱ्या नळीकडून केसाएवढ्या बारीक वाटा काढतं आणि दिवस ढकलतं. इथले मोठे डॉक्टर बंद नळीत समोरून तार घालून बघायचे. समोरचं दार उघडलं नाही, तर चालू नळीतून त्या बारीक वाटांनी जाऊन मागून उघडायचे. हे काम करणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता.

"म्हणजे सुईत दोराच ओवायचा की!" मास्तर हसले होते. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी ओवला. उद्या माझ्यात ओवतील."

दार उघडलं आणि माझा जावई बाहेर आला. मोठ्या डॉक्टरांचा मदतनीस डॉक्टर तो. टेबलाशी त्यांच्या शेजारी उभा राहणारा. माझी तारीख लवकर लागली ती त्याच्यामुळेच. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, तुमचं आज होणार नाही. घरी चला."

"मास्तर?"

त्याने मान हलवली. सकाळी माझ्या फॉर्मवर नातेवाइकाची सही लेकीने केली होती, नात्याच्या चौकटीत 'मुलगी' असं लिहून. तो कागद त्याने घडी करून खिशात घातला. वॉर्डात जाऊन माझी बॅग स्वतः उचलून आणली. मी चिडलोच होतो. मेल्या माणसाची लाज वाटावी अशी सुटकाही वाटत होती, आणि त्या सुटकेचाच राग येत होता.

खाली फाटकाशी मास्तरांचे नातेवाईक आणि गल्लीतले लोक जमले होते. इथून एक कागदही बाहेर जाऊ देणार नाही, असा आरडाओरडा चालू होता. पोलीस आले होते. वॉचमन प्रत्येक नर्सची, प्रत्येक डॉक्टरची पिशवी उघडून बघत होता. आम्हाला मात्र "पेशंट आहेत" म्हणून वाट करून दिली.

२

हे सोमवारी झालं. बुधवारी सकाळी दारावर टकटक झाली. कॅथलॅबची सिस्टर उभी होती. पन्नाशीची बाई, डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"साहेब, मला मारेकरी ठरवलंय."

मी तिला बसवलं. वरच्या मजल्यावर लेक आणि जावई राहायचे. लेक पाणी घेऊन खाली आली ती दारातच थांबली.

सिस्टरने सांगितलं ते असं. नळीत तार फिरत असताना रक्त गोठू नये म्हणून ते पातळ करणारं औषध देतात. सुरुवातीला एकदा, मग दर तासाला. ते सिस्टर देते, डाव्या हाताच्या सलाइनमधून. शिवाय दर अर्ध्या तासाला घंटा लावलेली असते. घंटा झाली की टेबलावरून थोडं रक्त काढून तिच्या हातात देतात, ती ते छोट्या मशीनमध्ये घालते आणि येईल तो आकडा मोठ्याने म्हणून फळ्यावर लिहिते. आकडा तीनशेच्या आसपास किंवा वर असला की सगळे निर्धास्त.

"पाच घंटा झाल्या, पाच आकडे लिहिले. आणि पाचव्यानंतर चालू नळीच गोठली. दोन्ही बाजूंना रक्त पुरवणारी तीच एक, आणि तीच गेली. आता म्हणतात, औषध दिलंच नाहीस आणि आकडे मनाने लिहिलेस."

"मशीनमध्ये नोंद राहत असेल की."

"राहते. वेळेसकट. पण मशीनच नाही! त्याच दुपारी नाहीसं झालं. म्हणतात, मीच लपवलं." तिने पदर घट्ट ओढला. "शुक्रवारी चौकशी समिती बसते. नाव नर्सेसच्या नोंदणीतून काढणार आणि कागद पोलिसांकडे देणार. एकतीस वर्षं झाली मला. एकदा घंटा चुकलेली नाही. तुम्ही बाहेर होतात ना, साहेब? ऐकल्यात ना घंटा?"

ऐकल्या होत्या. पाचही. पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय होता?

"बाबांना जिना चढायचीसुद्धा बंदी आहे," लेक म्हणाली. "त्यांना यात ओढू नका."

"मी कुठे पळत जाणार आहे? चार प्रश्न विचारीन," मी म्हटलं. निवृत्त माणसाला चार प्रश्न विचारायला मिळणं म्हणजे काय असतं, ते लेकीला कुठून कळणार?

सिस्टर जाताना दारात थांबली. काहीतरी बोलायचं होतं. "रक्त काढून देतात ते…" म्हणाली, लेकीकडे पाहिलं, आणि चपला घालून निघून गेली.

३

मोठे डॉक्टर भेटायला तयार झाले ते केवळ मी त्यांचा पेशंट म्हणून. उंच, वाकलेला माणूस. वर्षानुवर्षं शिशाचा जड एप्रन घालून त्यांची पाठच मोडली होती. टेबलावर फळ्याचा फोटो होता.

तीनशे बारा. दोनशे अडुसष्ट. तीनशे एकाहत्तर. तीनशे चौऱ्याहत्तर. तीनशे एकोणसत्तर.

"मला सांगा, तुम्ही तपासातले माणूस," ते म्हणाले, "शवविच्छेदनात नळीत एवढी गाठ सापडते. तीनशे एकोणसत्तरला रक्त असं गोठत नाही. म्हणजे आकडा खोटा. आणि आकडा लिहिणारा हात एकच."

"मी घंटा ऐकल्या."

"घंटा आपोआप वाजते हो! घंटा वाजली म्हणून तपासणी झाली असं होत नाही." ते उठून खिडकीशी गेले. "दोन तास मी त्या माणसाच्या हृदयात इंच इंच पुढे जात होतो. केसाएवढ्या वाटेतून तार पलीकडे गेली तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं, आता कुणी टेबल हलवायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मी फक्त आकडा ऐकत होतो. चांगला आकडा आला की पुढे जायचो. चांगल्या आकड्याला कारण कोण विचारतं?"

"सिस्टर खरं बोलत असेल तर?"

"मला ते मशीन आणून दाखवा. त्यात हेच आकडे निघाले तर सगळ्यांसमोर शब्द मागे घेईन. पण मग मला रात्रीची झोप लागणार नाही, साहेब. कारण मग तो माणूस का मेला, हेच मला माहीत नाही असा त्याचा अर्थ होईल."

खोटं बोलणारा माणूस स्वतःची सोय बघून बोलतो. हा माणूस स्वतःची झोप मोडायला तयार होता. मी त्याला माझ्या यादीतून खोडलं, आणि खोडताना बरं वाटलं नाही, कारण त्या खोलीत काम करणारे चौघंच होते आणि यादी मुळातच चार नावांची होती.

निघताना त्यांनी माझ्या नाडीला बोट लावलं. "तुमचंही फार दिवस थांबवता येणार नाही," ते म्हणाले.

४

टेक्निशियन कंट्रोल रूमच्या काचेमागे बसायचा, एक्स-रेची यंत्रं सांभाळायचा. त्याचं आणि सिस्टरचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. मशीनच्या कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच. म्हणजे संशय घ्यायला माणूस अगदी तयार करून ठेवलेला.

"मला नाही आवडत ती," त्याने आधीच सांगून टाकलं. "सतत टोकते. पण त्या दिवशी ती मशीनशी उभी होती. मी काचेतून पाच वेळा पाहिलं. समितीसमोर मी हेच बोललो तर म्हणतात, मशीन तुझ्या ताब्यात होतं, कुठंय ते सांग!"

"कुठंय?"

"मला काय माहीत? पेशंटची छाती दाबत होते तेव्हा टेबलावर होतं. सगळं संपल्यावर कपाटात ठेवायला गेलो, तर नाही. एवढंसं तर असतं." त्याने हाताने डब्याएवढा आकार दाखवला. "सगळा मजला धुंडाळला. फाटकावर माझी डबा-पिशवीसुद्धा उलटी करून पाहिली त्यांनी. काही कुठे उडून गेलं की काय?"

मजल्यावर नाही, बाहेर जाणाऱ्या एकाही पिशवीत नाही. मी जिन्याकडे वळलो. एक मजला उतरायचा तरी दहा पायऱ्यांवर थांबून छातीवर हात ठेवावा लागत होता. तिथेच सफाईवाल्या मावशी फडकं पिळत बसल्या होत्या. दम लागलेल्या माणसाची दया येते, आणि दया आली की माणूस बोलतो. हा फायदा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

"आत वापरलेलं सगळं मी मोजूनच टाकते," त्या म्हणाल्या. "सुया, कापूस, सिरिंजा. एकदा एक सुई चादरीत राहिली आणि माझ्या पायात गेली, तेव्हापासून. रक्त तपासायचं तेव्हा दोन सिरिंजा होतात. पहिली भरली की वाटीत टाकायची, दुसरी सिस्टरच्या मशीनला."

"सोमवारी वाटीत किती होत्या?"

"दोन."

"पाच घंटा झाल्या, मावशी."

"मग पाच हव्यात. पण होत्या दोन. वाटी मी धुतली की."

संध्याकाळी जावई माझं ब्लडप्रेशर बघायला खाली आला तेव्हा मी त्याला हे विचारलं. पट्टा दंडावर आवळताना त्याचा हात क्षणभर थांबला.

"मावशींचं वय झालंय, बाबा. एवढ्या धावपळीत वाटी उलटली असेल." मग पट्टा सोडून म्हणाला, "आणि ती बॅग द्या ना. माझ्या लॉकरमध्ये ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी धावपळ नको."

हे त्याने सोमवारपासून तिसऱ्यांदा विचारलं होतं. पुढची तारीख केव्हाही येईल म्हणून लेकीने बॅग उघडूच नका असं बजावलं होतं, आणि मी ती माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. सगळं कुलपात ठेवायची खोड नोकरीतली. "राहू दे इथेच," मी म्हटलं. केवढा काळजी करतो पोरगा, असंही मनात आलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

५

गुरुवारी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. शिलाई मशीनवर कापड झाकलेलं. मास्तरांची बायको काजं करत बसली होती. गिऱ्हाइकांचे कपडे थांबत नाहीत, म्हणाली.

मी दोन शब्द सांत्वनाचे बोललो. ती सुईवरून नजर न काढता ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "तुम्ही त्या सिस्टरसाठी आलात. तिला फाशी दिली तरी मला काय मिळणार? पण एक गोष्ट मला कुणी सांगत नाही. सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, वहिनी, आता त्याचा काय उपयोग?"

"काय ते?"

"शर्ट."

तिने कोपऱ्यातल्या फळीवरून घडी केलेला शर्ट काढला. वॉर्डात मला दाखवलेला तोच. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवलेली होती.

"शेवटचा म्हणून हाच घालायचा ठरवला. त्यांच्या मापाचा, त्यांनीच शिवलेला. उजवी बाही बरोबर गेली. डावी चढेना. कोपराच्या पुढे जाईचना! माणूस मेला म्हणून माप बदलतं का हो? बदललं तर दोन्ही बाह्यांचं बदलायला हवं. मनगटाला पट्टी गुंडाळलेली. मी ती सोडली तर हात नुसता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा. शेवटी मी बाही उसवली आणि वरून टाचली. नंतर परत काढून घेतला. उसवलेल्या कपड्यात त्यांना पाठवायचं नव्हतं मला."

तिचा आवाज तिथे फुटला. माझ्या डोक्यात एका मागोमाग एक दारं उघडत होती आणि त्यातलं शेवटचं मला उघडायचं नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर बसून मी सिस्टरला फोन लावला. "डाव्या हाताची सुई शिरेतून निसटली तर?"

"तर सलाइन, औषध, सगळं कातडीखाली साचतं. रक्तात वेळेवर पोचतच नाही. पण हात चादरीखाली आवळून बांधलेला असतो. दिसत नाही, साहेब. वरून तर थेंब पडताना दिसत होते… म्हणजे मी दिलेलं…" ती रडायला लागली. "पण मग आकडे? आकडे तर चांगले होते!"

"आकडे सोडा. रक्ताच्या दोन सिरिंजा का काढतात, ते सांगा."

"ज्या नळीतून रक्त काढतात ती बुजू नये म्हणून तिच्यात तेच औषध घातलेलं पाणी भरलेलं असतं. पहिल्या सिरिंजमध्ये ते पाणी येतं. ती टाकायची. दुसरीत खरं रक्त येतं. पहिलीच तपासली तर मशीन म्हणणार, वा, रक्त केवढं पातळ!"

"रक्त कोण काढून देतं?"

बुधवारी माझ्या दारात जे वाक्य तिने अर्धं सोडलं होतं, ते तिने आताही अर्धंच ठेवलं.

६

घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. मला पाऊण तास लागला.

वाटीत दोनच सिरिंजा. म्हणजे पहिल्या दोन घंटांना रक्त नीट काढलं गेलं. फळ्यावरचे पहिले दोन आकडे बघा: तीनशे बारा, मग औषधाचा जोर ओसरून दोनशे अडुसष्ट. ते खरे. मग तासाचं औषध सिस्टरने दिलं, पण तोवर सुई निसटली होती आणि ते हातात साचलं. दुसऱ्या तासाचंही तिथेच गेलं. रक्त घट्ट होत गेलं, आणि आकडे मात्र वर चढून तिथेच राहिले, कारण मशीनमध्ये रक्ताबरोबर नळीतलं पाणी जात होतं. दोन चुका. एकीने माणूस मरणार होता, आणि ती ओळखायला जी तपासणी ठेवली होती तिला दुसरीने आंधळं केलं.

इथपर्यंत अपघात. पण मशीन पायाने चालत गेलं नव्हतं.

ते नाहीसं होऊन कुणाचं भलं झालं? सिस्टरचं नाही, तिला तर तेच वाचवणार होतं. मोठ्या डॉक्टरांचं नाही, आकडे खरोखर मशीनने दिले असं ठरलं तर त्यांनी पुढे जाण्यात चूक उरत नव्हती. टेक्निशियनचं मुळीच नाही, ते हरवल्याचा आळ त्याच्यावरच आला होता. मशीन सापडलं असतं तर समितीने एकच प्रश्न विचारला असता. मशीन बरोबर, सिस्टर बरोबर, तरी रक्त गोठलं, मग मशीनला रक्त कुणी दिलं? मशीन नसलं की तो प्रश्नच उरत नाही. उरतात फळ्यावरचे आकडे आणि ते लिहिणारी बाई.

आणि सोमवारी त्या फाटकातून न तपासता एकच बॅग बाहेर गेली होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा! छत्तीस वर्षांच्या तपासाची एवढी थट्टा कुणी केली नसेल. मी कपाटाचं कुलूप काढलं, बॅग खाटेवर ठेवली आणि चेन ओढली. टॉवेल. दोन पायजमे. बायको गेल्यापासून मी बरोबर नेतो ती तिची शाल. शालीच्या घडीत हाताला काहीतरी कठीण लागलं.

७

मी त्यांना खाली बोलावलं. मशीन टेबलावर ठेवलं होतं. जावयाने ते पाहिलं आणि तो खुर्चीवर बसला. लेक त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे.

"किती वेळा?" मी विचारलं.

"तीन." त्याने नाकारायचा प्रयत्नही केला नाही. "तार पलीकडे गेली होती, बाबा. श्वास जपून घ्या म्हणाले. रक्त काढायची नळी दोनदा उघडायची म्हणजे दोनदा धक्का. मी एकदाच उघडली. आकडा चांगला आला. मग पुढच्या वेळीही वाटलं, चालतंय की."

"आणि हात?"

"सगळं संपल्यावर सुई काढली तेव्हा दिसला. फुगलेला. तेव्हाच सगळं समजलं. मी पट्टी बांधली आणि…" त्याने मशीनकडे बोट केलं. "त्या क्षणी फक्त एवढंच सुचलं. तुमच्या बॅगेत टाकलं. संध्याकाळी काढून घेणार होतो. तुम्ही कुलूप लावलंत."

"चूक माणसाकडून होते. मास्तरांच्या बाबतीत झालेली चूक मी समजू शकतो. सिस्टरचं काय?"

"वाटलं, ताकीद देतील. मिटेल."

"आज गुरुवार. तीन दिवस तू तिला रोज बघतोयस."

तो रडत होता. लेक पुढे आली. "बाबा, हे मशीन मजल्यावर कुठेतरी सापडू शकतं. सिस्टर सुटेल. कुणाचंच नुकसान नको."

"मशीन सापडलं की पुढचा प्रश्न येणारच, बाळ."

"मग तुम्ही थोडं थांबा. तुमचं स्वतःचं ऑपरेशन…" ती थांबली. "ती सिस्टर तुमची कोण लागते?"

"कोणी नाही."

"आणि हा?"

जावई उठला, डोळे पुसले. "मी स्वतः नेऊन देतो. आत्ताच. मीच सांगतो त्यांना." त्याने मशीनकडे हात केला.

मी ते माझ्याकडे ओढून घेतलं. "पुरावा गुन्हेगाराच्या हातात देत नाही मी."

छत्तीस वर्षांची सवय बोलून गेली. तो खरंच देणार होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण शब्द सुटला होता, आणि लेकीच्या तोंडावर तो बसलेला मी पाहिला. तिने नवऱ्याचा हात धरला आणि दोघं वर गेले. जिन्यावर तिची पावलं एकदाही थांबली नाहीत.

शुक्रवारी त्याने समितीसमोर सगळं सांगितलं, मी मशीन टेबलावर ठेवायच्या आधी. पाचही आकडे वेळेसकट जुळले. शवविच्छेदनात डाव्या हाताच्या सुजेची एक ओळ होती. टोचाटोचीत अशी सूज येतेच, म्हणून कुणी तिच्यावर थांबलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी उभं राहून सिस्टरची माफी मागितली. तिने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या खोलीत कुणाच्याच नव्हता.

८

जावयाची नोंदणी स्थगित झाली आहे, पोलिसांचं प्रकरण चालू आहे. लेक आणि तो दुसरीकडे राहायला गेले. चार महिने वरच्या मजल्यावर पावलं वाजली नाहीत. मी फोन करायचो, ती उचलायची नाही. मी केलं ते बरोबर केलं, आणि रोज सकाळी उठून मला ते नव्याने सहन करावं लागतं.

माझी तारीख आली तेव्हा ती लेकीला मेसेजने कळवली आणि मी एकटाच गेलो. तोच झगा. कॅथलॅबमध्ये नव्या चादरी आल्या होत्या, डाव्या हाताच्या जागी खिडकी ठेवलेल्या, म्हणजे हात उघडा दिसेल. शिवण बारीक आणि सरळ होती. मास्तरांच्या बायकोने सगळ्या एकटीने शिवल्या होत्या, असं सिस्टर म्हणाली.

"फॉर्मवर नातेवाइकाची सही लागेल, साहेब. बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग टेबलावर घेता येत नाही. नियम आहे." तिला हे बोलताना त्रास होत होता. मी खाटेवर पडून छताकडे बघत राहिलो. नियम पाळायला लावणारा माणूस मीच, आता तक्रार कुणाकडे करणार?

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. ती ओळखायला मला तपास करावा लागला नाही.

लेकीने सिस्टरच्या हातून फॉर्म घेतला. भिंतीला टेकवून सही केली. नात्याच्या चौकटीपाशी पेन थोडं थांबलं, मग तिने 'मुलगी' असं लिहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"डावा हात कोण बघणार?" तिने सिस्टरला विचारलं.

"मी."

"आणि पहिली सिरिंज?"

"माझ्या डोळ्यांसमोर टाकतील. मोठ्याने म्हणून."

लेकीने मान हलवली. खाट ढकलायला लागले तेव्हा ती दाराशेजारच्या बाकावर जाऊन बसली, त्या सोमवारी माझी खाट जिथे होती तिथेच, आणि बॅग मांडीवर घेतली.

"मी इथेच आहे," ती म्हणाली. "घंटा मोजते."